‘वरपर्यंत ओळख’ सांगणारी जनसंपर्क संस्था नेमावी का?

प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांचा नंदुरबारजवळ मिरची दळून पाकीटबंद करण्याचा कारखाना आहे. दोन आठवड्यांपूर्वी अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांनी तेथून पावडरचे नमुने नेले. अहवाल यायच्या आधीच त्यांच्या पथारीवरील (मिरची वाळत घालण्याच्या मोकळ्या जागेवरील) मिरचीच्या ढिगाचा आणि त्याच्या कडेने वाहणाऱ्या लाल पाण्याचा एक व्हिडिओ, ‘मिरचीला रंग मारतात’ अशा ओळीसह, व्हॉट्सॲपवरून थेट सुरतेच्या बाजारापर्यंत पोहोचला आणि दोन घाऊक व्यापाऱ्यांनी माल थांबवला. त्याच आठवड्यात मुंबईच्या एका जनसंपर्क आणि संकट व्यवस्थापन संस्थेचे लोक भेटून गेले. संस्थेच्या संचालकांनी एका पक्षाचा निवडणूक प्रचार सांभाळलेला आहे, ‘मंत्रालयात वरपर्यंत ओळख आहे, नमुन्याचेही बघून घेऊ’ असे त्यांनी सांगितले आणि तीन महिन्यांचे शुल्क आगाऊ मागितले. संस्था नेमावी की नेमू नये, एवढाच प्रश्न आहे.

या व्यवसायात माझी सव्वीस वर्षे गेली. सुरुवात जळगावच्या एका दैनिकात बातमीदार म्हणून झाली, मधली अकरा वर्षे मुंबईतील संस्थांमध्ये गेली आणि आता पुन्हा जळगावात आहे. त्या अनुभवावरून उत्तर असे की, ज्या वाक्याने आपल्याला भुरळ पडली त्याच वाक्यासाठी ही संस्था नेमू नये. ‘नमुन्याचेही बघून घेऊ’ म्हणणारा माणूस जनसंपर्काची सेवा विकत नसतो, तो वशिला विकत असतो, आणि वशिल्याची पावती मिळत नाही.

मात्र त्याआधी एक गोष्ट. आपल्या सविस्तर प्रश्नात सर्व काही आहे, फक्त ते लाल पाणी कशाचे होते हे नाही. अवकाळी पावसाने भिजलेल्या पथारीचे ते पाणी असेल तर प्रकरण एका प्रकारचे आहे, आणि कोणी खरोखरच रंग कालवला असेल तर ते पूर्णपणे वेगळ्या प्रकारचे आहे. जगातील कोणतीही जनसंपर्क संस्था यातील दुसऱ्याचे पहिले करू शकत नाही. म्हणून कोणाशीही करार करण्याआधी पथारीवरचा मुकादम, देठ खुडणाऱ्या बाया आणि गिरणीवरचा माणूस यांना वेगवेगळे बसवून विचारावे, आणि मालकाच्या तोंडाकडे बघून ते उत्तर देणार नाहीत अशा बेताने विचारावे. मिरचीच्या धंद्यात हा संशय हवेतून येत नाही. 2003 साली फ्रान्समध्ये भारतातून गेलेल्या मिरचीत सुदान-1 हा निषिद्ध रंग सापडला आणि युरोपीय संघाने मिरचीच्या आयातीवर तपासणीची सक्ती केली. 2005 च्या फेब्रुवारीत त्याच रंगाच्या मिरची पावडरमुळे ब्रिटनमध्ये चारशेहून अधिक खाद्यपदार्थ बाजारातून परत घ्यावे लागले, कारण ती पावडर एका सॉसमध्ये गेली होती आणि तो सॉस पुढे शेकडो पदार्थांत गेला होता. सुरतेचा व्यापारी घाबरतो तो उगाच नाही.

आता राजकीय संबंध असलेल्या संस्थेविषयी. असे संबंध असणे हा स्वतःहून दोष नाही, हे प्रथमच मान्य करतो. निवडणूक प्रचार करून आलेल्या लोकांना वेग असतो, अफवा कोणत्या गटातून कोणत्या गटात जाते याची जाण असते, रात्री अकरा वाजता फोन उचलण्याची सवय असते. अडचण निष्ठेच्या ठिकाणी येते. ज्या संस्थेचे मोठे उत्पन्न किंवा मोठा मान एखाद्या पक्षाकडून अथवा नेत्याकडून येतो, तिच्या दृष्टीने आपण पहिल्या क्रमांकाचे ग्राहक कधीच नसतो. आपले आणि त्या नेत्याचे हित एका दिशेने आहे तोवर हे कळतही नाही. कळते ते हित फाकल्यावर, आणि संकटात ते बहुधा फाकते.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण अमेरिकेतील आहे. 2008 च्या अध्यक्षपदाच्या प्राथमिक निवडणुकीत हिलरी क्लिंटन यांचे मुख्य रणनीतीकार मार्क पेन हे त्याच वेळी बर्सन-मार्स्टेलर या बलाढ्य जनसंपर्क संस्थेचे मुख्य कार्यकारी अधिकारी होते. कोलंबियाच्या सरकारने अमेरिकेशी मुक्त व्यापार करार मंजूर करून घेण्याच्या कामासाठी त्यांच्या संस्थेला नेमले होते, आणि क्लिंटन यांचा त्या कराराला जाहीर विरोध होता. पेन कोलंबियाच्या राजदूतांना भेटले, बातमी फुटली, त्यांनी भेटीबद्दल ‘चूक झाली’ असे म्हटले. तेवढ्याने कोलंबिया सरकार दुखावले आणि त्याने कंत्राट रद्द केले, तर दुसऱ्याच दिवशी पेन यांना प्रचारातील मुख्य पदही सोडावे लागले. तेलही गेले, तूपही गेले. यात कोणी लाच दिली नव्हती किंवा कायदा मोडला नव्हता, केवळ एक माणूस दोन खुर्च्यांवर बसला होता.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. मार्गारेट थॅचर यांच्या प्रचाराने नावारूपाला आलेले टिम बेल यांनी लंडनमध्ये उभी केलेली बेल पॉटिंजर ही संस्था राजकीय वर्तुळातील वजनासाठीच ओळखली जात असे. 2016 मध्ये तिने दक्षिण आफ्रिकेतील गुप्ता कुटुंबाच्या ओकबे या कंपनीचे काम महिना एक लाख पौंडांवर घेतले. या कुटुंबाच्या तत्कालीन अध्यक्ष जेकब झुमा यांच्याशी असलेल्या जवळिकीवर तेथे टीका होत होती. ती टीका वळवण्यासाठी ‘गोऱ्यांची मक्तेदारी भांडवलशाही’ हा शब्दप्रयोग पुढे रेटणारी मोहीम चालवली गेली आणि वर्णद्वेषाच्या जुन्या जखमेवर बोट ठेवले गेले. गंमत अशी की, त्या मोहिमेत लक्ष्य झालेल्या उद्योगपतींपैकी योहान रुपर्ट यांची कंपनी याच संस्थेची जुनी ग्राहक होती. विरोधी पक्षाने ब्रिटनमधील व्यावसायिक संघटनेकडे तक्रार केली, संघटनेने 4 सप्टेंबर 2017 रोजी संस्थेला किमान पाच वर्षांसाठी काढून टाकले, आणि पुढच्याच आठवड्यात ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. अनेक दशकांचे नाव काही दिवसांत गेले, आणि ज्या ग्राहकांचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता त्यांनाही घाईघाईने दुसरी संस्था शोधावी लागली. आपल्या तीन महिन्यांच्या आगाऊ शुल्काचा विचार करताना हे शेवटचे वाक्य ध्यानात ठेवावे.

आपल्याकडे 2010 मध्ये बड्या उद्योगसमूहांच्या जनसंपर्क सल्लागार नीरा राडिया यांच्या दूरध्वनी संभाषणांच्या ध्वनिफिती प्रसिद्ध झाल्या, तेव्हा उद्योग, मंत्रिपदे आणि पत्रकार यांच्यामध्ये जनसंपर्काचा माणूस कसा वावरतो हे देशाने प्रथमच इतक्या जवळून ऐकले. त्या फितींच्या मजकुरात गुन्हा आढळला नाही, असे केंद्रीय अन्वेषण विभागाने 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगितले. तरीही राडिया यांनी 2011 मध्येच हा व्यवसाय सोडला, आणि त्यांच्या सर्वांत मोठ्या ग्राहकांपैकी एक असलेल्या रतन टाटा यांना खासगीपणाच्या हक्कासाठी न्यायालयात जावे लागले. आपल्या वतीने कोणी कोणाशी फोनवर काय बोलले, याचे ओझे शेवटी ग्राहकाच्या खांद्यावर येते.

मोठ्यांची उदाहरणे झाली. आता जवळचे एक सांगतो, त्यातील संस्था आणि कारखाना दोन्ही अनाम ठेवून.

काही वर्षांपूर्वी जळगाव जिल्ह्यातील एका जिनिंगमध्ये कापसाच्या गंजीला आग लागली आणि एक मजूर दगावला. मालक घाबरून मुंबईच्या एका संस्थेकडे गेले, आणि त्या संस्थेत तेव्हा मीही होतो. आमच्या वरिष्ठांचा पहिला फोन एका मंत्र्यांच्या स्वीय सहायकाला गेला, दुसरा जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका पदाधिकाऱ्याला. मजुराच्या घरी कोणीही फोन केला नाही, माणूस पाठवणे तर दूरच. प्रसिद्धिपत्रक मुंबईत, वातानुकूलित खोलीत, पाऊण तासात तयार झाले. त्यात ‘दुर्दैवी घटना’ होती, ‘कंपनी कुटुंबाच्या पाठीशी आहे’ होते, आणि मजुराचे आडनाव चुकलेले होते. दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रेला जमलेल्या लोकांच्या हातात तो छापील मजकूर होता. ज्याच्या घरातला माणूस गेला त्याने मालकाच्या पुतण्यासमोर ते कात्रण धरले आणि विचारले, ‘‘आमनं नाव तरी बरोबर लिखतात ना, भाऊ?’’ त्या एका प्रश्नाला मंत्र्यांच्या स्वीय सहायकाकडे उत्तर नव्हते. गावाने तीन दिवस फाटक उघडू दिले नाही.

पुढचा भागही सांगण्यासारखा आहे. महिन्याअखेरीस संस्थेने जे बिल पाठवले त्यात सर्वांत मोठी रक्कम ‘समन्वय व स्थानिक व्यवस्था’ या ओळीपुढे होती. पावती एकाही खर्चाची नव्हती. मी विचारले तेव्हा ‘या गोष्टी लिहायच्या नसतात’ असे उत्तर मिळाले. काही महिन्यांनी पालकमंत्री बदलले, आणि ज्या पदाधिकाऱ्याच्या भरवशावर ही व्यवस्था लावली होती तो आमच्या मालकांचा फोनही घेईनासा झाला. नव्या मंडळींच्या लेखी कारखाना ‘त्यांच्या गटाचा’ ठरलेला होता, त्यामुळे जी चौकशी एरवी सरळ झाली असती ती वाकडी होऊन बसली. जळगाव, धुळे, नंदुरबार येथे राजकीय निष्ठा किती वेळा आणि किती वेगाने कूस बदलतात, हे येथील वाचकाला सांगण्याची गरज नाही. एका गटाचा शिक्का बसलेला माल दुसऱ्या गटाच्या राज्यात विकणे अवघड असते.

कायद्याची बाजू अनेक उद्योजकांना माहीत नसते, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. अमेरिकेत परकीय सरकारांसाठी काम करणाऱ्या प्रचारकांना 1938 पासून नोंदणी करावी लागते, आणि देशांतर्गत लॉबिंगसाठीही, म्हणजे सरकारी निर्णय आपल्या बाजूने वळवण्याच्या कामासाठीही, 1995 चा प्रकटीकरण कायदा आहे. आपल्याकडे लॉबिंगला मान्यता देणारा किंवा त्याचे नियमन करणारा असा स्वतंत्र कायदा नाही. त्यामुळे ‘आम्ही वर बोलू’ हे वाक्य सरळ निवेदन देण्यापासून थेट गुन्ह्यापर्यंत कुठेही जाऊन पडू शकते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 साली झालेल्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही स्वतंत्रपणे गुन्हेगार ठरतो. त्याच कायद्याच्या कलम 7-क नुसार, लोकसेवकावर भ्रष्ट मार्गाने किंवा वैयक्तिक वजन वापरून प्रभाव टाकण्यासाठी मोबदला घेणे हा गुन्हा आहे. कलम 9 नुसार व्यापारी संस्थेशी संबंधित व्यक्तीने तिच्या फायद्यासाठी लाच दिली तर ती व्यापारी संस्थाही जबाबदार धरली जाते, आणि संबंधित व्यक्तीत आपल्या वतीने सेवा देणारा मध्यस्थही येतो. म्हणजे ‘नमुन्याचे बघून घेऊ’ म्हणणाऱ्याने खरोखरच काही ‘बघितले’, तर चौकशीच्या कागदावर नाव आपल्या कारखान्याचेही येणार. त्याने काहीच बघितले नाही तर आपण फसलो एवढेच. दोन्हींपैकी कोणतीही शक्यता पैसे देण्याजोगी मला वाटत नाही.

शिवाय नमुन्यासाठी वशिल्याची गरजच नसते, कारण बचावाचा रस्ता कायद्याने आखून दिलेला आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 नुसार नमुन्याचे चार भाग केले जातात. एक अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राहतात, आणि चौथा भाग आपण लेखी मागणी केली तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवता येतो. नमुना घेताना आपल्याला नोटीस मिळाली असेल. त्या वेळी चौथ्या भागाची मागणी केली होती का, हे तो कागद काढून आजच तपासावे. दहांपैकी सात लोक त्या वेळी चहा मागवण्यात गुंतलेले असतात, हा माझा अनुभव आहे. विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल देणे अपेक्षित असते, आणि तो विरुद्ध गेला तर कलम 46 खाली अपील करून दुसरा भाग संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठवून घेता येतो. अहवालात ‘असुरक्षित’, ‘कमी दर्जाचे’ आणि ‘चुकीचे लेबल’ यांपैकी नेमका कोणता शेरा आहे यावर पुढचे सर्व अवलंबून असते. कमी दर्जासाठी पाच लाखांपर्यंत आणि चुकीच्या लेबलसाठी तीन लाखांपर्यंत दंड आहे, मात्र असुरक्षित अन्नाचे प्रकरण तुरुंगवासापर्यंत जाते. या तिन्हींसाठी लोकांशी बोलण्याची भाषा वेगवेगळी असते, आणि ती ठरवताना जनसंपर्क सल्लागाराच्या शेजारी अन्न कायद्याचा वकील बसलेला असावा. मुंबईच्या संस्थेने वकिलाचे नाव तरी काढले होते का?

मग जनसंपर्काची गरजच नाही का? आहे, पण ज्यांच्याशी बोलायचे ते लोक मंत्रालयात बसलेले नाहीत. आपले संकट सुरतेच्या व्यापाऱ्याच्या गादीवर, नंदुरबारच्या बाजार समितीत माल घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात आणि मिरचीच्या खाटाने नाकाला पदर बांधून देठ खुडणाऱ्या बायांच्या गप्पांत आहे. त्या बाया संध्याकाळी ज्या वस्तीवर परततात, तिथे त्यांनी ‘आमच्या डोळ्यांदेखत कधी रंग कालवला नाही’ असे म्हटले तर ते कोणत्याही पुढाऱ्याच्या शिफारशीपेक्षा लांब जाते. त्यांनी नुसते गप्प राहणेही तितकेच लांब जाते, आणि ते उलट दिशेने जाते.

2003 च्या ऑक्टोबरमध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाकडे कॅडबरीच्या चॉकलेटमध्ये अळ्या निघाल्याच्या तक्रारी आल्या. कंपनीने आधी दुकानदारांच्या साठवणुकीकडे बोट दाखवले. प्रशासनाने वेष्टनाचे काय, असे विचारले. वाद तसाच चालला असता तर कंपनीने तो कदाचित कागदावर जिंकलाही असता, पण काही महिन्यांत तिने वेष्टन बदलले, दुकानदारांना साठवणूक शिकवण्याची मोहीम काढली, आणि त्यानंतर अमिताभ बच्चन यांना जाहिरातीत उभे केले. हा क्रम महत्त्वाचा आहे. आपल्याकडे लोकांना फक्त अमिताभ आठवतात, आणि बहुतेक उद्योजक माझ्याकडे येतात ते थेट अमिताभ मागायलाच.

आपल्या बाबतीत मी काय केले असते ते सांगतो. ज्या दिवशीच्या मालाचा नमुना गेला त्या घाण्याची उरलेली पाकिटे मी वेगळी काढून सीलबंद केली असती आणि ती बाजारात जाणार नाहीत हे व्यापाऱ्यांना लेखी कळवले असते. दोन्ही व्यापाऱ्यांना फोनवर समजूत घालण्याऐवजी स्वतः गाडी काढून सुरत गाठली असती, सोबत मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा स्वखर्चाने काढलेला ताजा अहवाल नेला असता, आणि सरकारी अहवाल अजून यायचा आहे हेही न लपवता सांगितले असते. व्हिडिओला उत्तर म्हणून चकचकीत चित्रफीत करू नये. त्याच पथारीवर, त्याच जागी उभे राहून, मालकाने नव्वद सेकंदांत ते पाणी कशाचे हे सांगावे, आणि शक्य तर अहिराणीत सांगावे, कारण अफवाही अहिराणीतच फिरली असणार. स्थानिक बातमीदारांना पथारीवर यायला मोकळीक द्यावी, मात्र पाकिटे देऊ नयेत, मिरचीचीही नाहीत आणि दुसरी तर मुळीच नाहीत. पैसे देऊन छापलेल्या बातमीचा वास आता वाचकाला लगेच येतो. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत याच महाराष्ट्रात त्याची पुष्कळ चर्चा झाली आणि प्रेस कौन्सिलला 2010 मध्ये त्यावर अहवाल काढावा लागला.

एवढे करूनही बाहेरची मदत हवी असेल तर नेमावी, आणि राजकीय पार्श्वभूमीची संस्था नेमायची झाली तरी काही अटी लेखी घ्याव्यात. त्यांचे सध्याचे राजकीय ग्राहक कोण आणि मसाला किंवा मिरची व्यवसायातील ग्राहक कोण, हे त्यांनी कराराआधी लिहून द्यावे. आपल्या लेखी परवानगीशिवाय आपल्या नावाने कोणत्याही लोकसेवकाशी संपर्क करू नये, आणि केला तर त्याची नोंद ठेवावी. शुल्क कामाच्या तासांचे किंवा महिन्याचे असावे, ‘निकाल लागला तर इतके’ असे नसावे, कारण तेथूनच कलम 7-क ची वाट सुरू होते. पावतीशिवाय एक रुपयाही मान्य नाही. बनावट खात्यांवरून कौतुक किंवा प्रतिस्पर्ध्याची बदनामी होणार नाही. एका महिन्याच्या सूचनेने करार मोडता यावा आणि आगाऊ रक्कम एका महिन्यापेक्षा अधिक असू नये. या अटी ऐकून समोरचा माणूस हसला आणि ‘साहेब, इतका विश्वास नाही का?’ म्हणाला, तर चहा पाजून निरोप द्यावा. तो गंभीर झाला आणि त्याने दोन अटींवर घासाघीस केली, तर तो कदाचित खरा व्यावसायिक आहे.

त्याला एक प्रश्न मात्र मी नक्की विचारला असता: उद्या अहवाल आमच्या विरुद्ध आला आणि त्याच दिवशी तुमच्या पक्षाच्या नेत्याने भेसळीविरुद्ध सभेत भाषण केले, तर तुम्ही कोणाचे प्रसिद्धिपत्रक लिहाल?

अहवाल टपालाने आला तर पाकीट फेकू नका. अपिलाचे तीस दिवस अहवाल हातात पडल्याच्या तारखेपासून मोजले जातात, म्हणून पाकिटावर पोहोचल्याची तारीख लिहून सही करून ठेवा आणि त्याच दुपारी वकिलाला फोन करा.